ॲक्रोपोलिसवरचा नाझी झेंडा उतरवणारा माणूस गावचा सरपंच झाला तेव्हा...

ऊनसावली
मे महिन्यात आम्ही दोघं आठ दिवस नाक्सोसला होतो. ग्रीसच्या सिक्लाडीस बेटांमधलं हे सगळ्यात मोठं बेट. येणारे बहुतेक जण किनारा सोडत नाहीत. आम्ही एका सकाळी बस पकडून डोंगरातल्या अपीरान्थोसला गेलो. गावकरी त्याला अपेराथू म्हणतात. तिथल्या गल्ल्या संगमरवरी, पायऱ्या संगमरवरी, उंबरेसुद्धा संगमरवरी. आपल्याकडे घरांना जसा काळा दगड, तसा त्यांच्या डोंगरातून निघणारा दगडच तो! आणि एवढ्याशा गावात चार-पाच संग्रहालयं. भूशास्त्राचं संग्रहालय पाहून निघताना तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं, "आमचा मानोलिस." पांढऱ्या केसांचा, भरघोस मिशांचा म्हातारा. मी परत आल्यापासून या माणसाबद्दलच वाचते आहे.

मानोलिस ग्लेझोस. जन्म ९ सप्टेंबर १९२२, याच गावात. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरलं आणि ॲक्रोपोलिसवर स्वस्तिकाचा झेंडा चढला. ३० मेच्या रात्री अठरा वर्षांचा ग्लेझोस आणि त्याचा मित्र अपोस्तोलोस सांतास कड्यातल्या एका कपारीतून वर चढले आणि त्यांनी तो झेंडा उतरवला. जर्मनांनी दोघांना त्यांच्या गैरहजेरीतच मृत्युदंड ठोठावला. पुढे त्याला जर्मनांनी पकडलं, इटालियनांनी पकडलं, ग्रीक फितुरांनीही पकडलं. महायुद्ध संपल्यावर यादवी पेटली, तेव्हा स्वतःच्याच देशाच्या न्यायालयाने पुन्हा फाशी सुनावली. जगभरातून ओरड झाली म्हणून १९५० मध्ये तिची जन्मठेप झाली. साठच्या दशकात लष्करी राजवट आली, पुन्हा अटक. सगळं मिळून ११ वर्षं ४ महिने तुरुंग आणि साडेचार वर्षं हद्दपारी.

पण धागा काढला तो पुढच्या भागासाठी. १९८६ मध्ये हा माणूस संसद सोडून गावी परतला आणि ग्रामसमुदायाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. निवडून आल्यावर त्याने आपल्याच मंडळाचे विशेष अधिकार काढून टाकले. गावाची स्वतःची 'राज्यघटना' केली आणि सगळा कारभार ग्रामसभेच्या हाती दिला. काही वर्षं ते चाललं. मग लोकांचं येणं हळूहळू कमी झालं, सभा बंद पडल्या. १९८९ मध्ये त्याने पद सोडलं.

हे वाचून मन खट्टू झालं. ज्याच्या शब्दाला गावात एवढं वजन, त्याच्या हयातीतच सभा ओस का पडावी? चूक माणसाची, गावाची, की सभा या कल्पनेचीच? तुमच्या गावातले अनुभव वाचायला आवडतील.

आडवाटेने
सुंदर लिहिलंय. एक शंका. इंग्रजीत याला मेयर म्हणतात, म्हणजे नगराध्यक्ष ना? सरपंच कसं?

ऊनसावली
@आडवाटेने, त्या काळी ग्रीसमध्ये लहान गावांची 'किनोतिता' असे, म्हणजे ग्रामसमुदाय. तिच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणत. शहराचा प्रमुख वेगळा. आपल्या मापात तो सरपंचच.

कुरुंदवाडकर
वा! मी या गावाचं नाव धंद्यामुळे ऐकून आहे. माझा पॉलिशचा कारखाना होता. आपण दुकानात जाऊन 'पॉलिश पेपर' मागतो, त्याला एमरी पेपर का म्हणतात? तर एमरी हा दगड आहे आणि तो नाक्सोसचा जगप्रसिद्ध. कुरुंद आणि लोहखनिज यांचं नैसर्गिक मिश्रण. कुरुंद म्हणजे कोरंडम, माणिक आणि नीलम ज्या जातीचे तीच ही जात. हिऱ्याखालोखाल कठीण. इंग्रजांनी कोरंडम हा शब्द आपल्याच दक्षिणेतून उचलला. आणि माझं गाव कुरुंदवाड, तेव्हा या धाग्यावर यायचा पहिला मान माझाच होता, चौथा आलो याचं वाईट वाटतंय. :)

आता मुद्द्याचं. अपीरान्थोस आणि आसपासच्या डोंगरी गावांना हा दगड काढायचा पिढीजात हक्क आहे. घरटी माणसं खाणीत उतरायची आणि माल सरकार ठरलेल्या दराने घ्यायचं. विसाच्या दशकात डोंगरावरून मुत्सूना बंदरापर्यंत तारेवरचे पाळणे टाकले, त्यातून दगड थेट जहाजापर्यंत जायचा. मग कृत्रिम कुरुंद, कार्बोरंडम वगैरे कारखान्यांत स्वस्तात तयार व्हायला लागलं आणि नैसर्गिक एमरीचा बाजार बसला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाळणेही थांबले. म्हणजे ग्लेझोस १९८६ मध्ये गावी आला तेव्हा गावाच्या पोटावर पाय येऊन दहाएक वर्षं होत आली होती. जवान पोरं अथेन्सला गेलेली. अशा गावात सभेला येणार कोण? मला तरी इथेच अर्धं उत्तर दिसतं.

ऊनसावली
हे मला माहीतच नव्हतं! मुत्सूनाला ते गंजलेले खांब आणि पाळणे पाहिले, फोटोही काढले. कशाचे ते आज कळलं.

टपरीवरचा
मला एवढं कौतुक पटत नाही, माफ करा. तीन वर्षांत सोडून गेला ना? आमच्याकडेही मोठी नावं येतात, गाव दत्तक घेतात, पाटी लावतात, निघून जातात. झेंडा उतरवायला धाडस लागतं हे शंभर टक्के मान्य. पण पाणीपट्टी वसूल करायला लागतं ते वेगळंच काहीतरी. माणूस मोठा म्हणून प्रयोगाला गुण देऊ नयेत.

रानजाई
@टपरीवरचा, पाटी लावणारे आपले अधिकार सोडत नाहीत हो. याने तेच आधी सोडले. माझे वडील दहा वर्षं सरपंच होते, त्यामुळे सांगते: सहीचा अधिकार सुटता सुटत नाही. चांगल्या माणसाचाही.

भूजल
मी भूगर्भशास्त्राचा माणूस, निवृत्त. टपरीवरचा यांनी पाणीपट्टी काढलीच आहे, तर पाण्याचंच बोलतो, कारण मूळ लेखात ते राहून गेलंय.

ग्लेझोसने पूर रोखण्यासाठी आणि भूजल वाढवण्यासाठी एक पद्धत मांडली होती. एक मोठं धरण बांधायचं नाही. ओढ्यावर वरपासून खालपर्यंत अगदी छोट्या बांधांची माळ घालायची. प्रत्येक बांध पाण्याचा थोडा वेग मोडतो, थोडी माती धरतो आणि थोडं पाणी जमिनीत मुरवतो. नाक्सोससारख्या बेटावर सगळा पाऊस हिवाळ्यात पडतो, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी तासाभरात खारं होऊन जातं. तिथे हे किती मोलाचं, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 'माथा ते पायथा' म्हणतो, अनघड दगडी बांध घालतो, नालाबांध घालतो, तेच तत्त्व. खडक मात्र वेगळा: आमचा थराथरांचा बेसाल्ट, त्यांचा भेगाळलेला संगमरवर. या कामासाठी पात्रास विद्यापीठाच्या स्थापत्य विभागाने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

तेव्हा सभा बंद पडली म्हणून सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. बांधाला कोरम लागत नाही.

टपरीवरचा
@भूजल, हे वाचून माझा सूर खाली आणतो. बांध माहीत नव्हते.
पण बांधाला गाळ काढणारा लागतो. तो सभेतूनच येतो ना?

भूजल
बरोबर. तिथे तुम्ही मला पकडलंत.

वारणाकाठ
मंडळी, एक तारीख बघा. ग्लेझोस ९ सप्टेंबर १९२२. आमचे नागनाथअण्णा नायकवडी १५ जुलै १९२२, वाळवा. दोन महिन्यांचं अंतर!

साताऱ्याच्या प्रतिसरकारात अण्णा होते. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना लुटला त्यातही होते. नंतर पकडले गेले आणि सातारचा तुरुंग फोडून बाहेर पडले. ग्लेझोसही त्याच १९४४ साली कैदेतून निसटला. फेब्रुवारी १९४६ मध्ये पोलिसांशी चकमकीत अण्णांच्या डोळ्यांसमोर त्यांचे साथी किसन अहिर आणि नानकसिंग पडले. अण्णांनी पुढं साखर कारखाना काढला, त्याला नाव दिलं हुतात्मा किसन अहिर. १९८४ पासून तो चालू आहे. माझा आजा त्या कारखान्याचा सभासद. तो सांगायचा, कारखान्यात दिखाऊ खर्च दिसला की अण्णांचा पारा चढायचा, कारण तो पैसा उसाच्या दरातून जातो. आमच्या भागात दुसऱ्या कारखान्यांना दर जाहीर करताना वाळव्याकडं बघावं लागायचं.

आणि भूजलसाहेब, पाण्याचं म्हणाल तर अण्णा १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवत. वाळवा बागायती, आटपाडी कोरडं. स्वतःच्या गावाला पाणी असताना दुसऱ्याच्या पाण्यासाठी लढायचं. समन्यायी पाणीवाटप हा शब्द आमच्याकडं शाळकरी पोराला पण माहिती आहे तो त्यामुळंच.

मला यात एक गोष्ट दिसते. अण्णांनी सभेवर थांबवलं नाही. कारखाना, शाळा, वसतिगृह, अशा रोज चालणाऱ्या गोष्टी उभ्या केल्या. माणूस रोज तिथं जातो, त्याचं पोट तिथं आहे, मग सभेला पण येतो. अपेराथूला खाणच बसलेली, तर माणूस यायचा कशासाठी? कुरुंदवाडकरांचंच म्हणणं मी पुढं नेतोय.

गोदाकाठ
वारणाकाठ, अंगावर काटा आला. एकाच वर्षी जन्मलेली दोन पोरं, एक कृष्णाकाठी, एक एजियन समुद्रात, आणि दोघंही म्हातारपणी पाणी अडवतायत किंवा वाटतायत.

म्युनिकची_आजी
मी गेली बत्तीस वर्षं जर्मनीत राहते, म्हणून हे नाव ओळखीचं. इथल्या बातम्यांत ग्लेझोस यायचा तो युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी. जर्मनांच्या ताब्याच्या काळात ग्रीसमधून घेतलेलं सक्तीचं कर्ज आणि जाळलेली गावं, यांचा हिशोब तो शेवटपर्यंत मागत राहिला. त्याचा धाकटा भाऊ निकोस १९४४ च्या मे महिन्यात जर्मनांच्या गोळ्यांनी गेला. मरायला नेताना त्याने टोपीच्या अस्तरावर आईला निरोप लिहून ती फेकली होती.

आणि हाच माणूस जून २०१७ मध्ये दिस्तोमोला काय करतो बघा. १० जून १९४४ ला त्या गावात एसएसच्या, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाच्या, लोकांनी बायकामुलांसकट दोनशेहून अधिक माणसं मारली. दरवर्षी तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. त्या वर्षी जर्मन राजदूत पुष्पचक्र वाहायला आले, तेव्हा एका राजकारणी बाईंनी त्यांना अडवलं. ९४ वर्षांच्या ग्लेझोसने उठून राजदूतांचा हात धरला आणि त्यांना स्मारकापाशी नेलं. म्हणाला, गुन्हेगाराच्या मुलाला बापाच्या गुन्ह्याची शिक्षा नाही. टीव्हीवर ते बघताना मी आणि माझी जर्मन सून दोघी रडलो. तिच्या आजोबांबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. त्या रात्री ती पहिल्यांदा बोलली.

विषयाला सोडून झालं असेल तर माफ करा.

रानजाई
आजी, विषय सोडून अजिबात नाही. हिशोब मागायचा आणि हातही धरायचा, गावात राहायचं तर हे दोन्ही यावं लागतं. आमच्याकडे बांधाच्या भांडणात तीन पिढ्या बोलत नाहीत.

लेखणी_दौत
थोडं हलकं. अपीरान्थोसच्या लोकांची अजून एक खासियत आहे: दोन ओळींची यमकं जागच्या जागी जुळवायची. 'कोत्साकिया' म्हणतात. लग्नात, कट्ट्यावर, भांडणातसुद्धा. म्हणजे आपली जात्यावरची ओवी आणि लग्नातला उखाणा यांचं मिश्रण समजा. तर माझ्याकडून अपेराथूला एक ओवी:

पहिली माझी ओवी गं, संगमरवरी पायरीला
झेंडा काढून दादा आला, पाणी अडवाया दरीला

वारणाकाठ
दुसरी माझी ओवी गं, कृष्णाकाठच्या उसाला
तुरुंग फोडून अण्णा आला, घामाचं दाम द्यायाला

ऊनसावली
दोन्ही ओव्या वहीत उतरवून घेतल्या! त्या संग्रहालयातल्या बाईंना पत्राने पाठवणार आहे. अर्थ इंग्रजीत सांगेन, पण ओव्या देवनागरीतच.

आडवाटेने
परत प्रश्नाकडे. मी ग्रीसच्या स्थानिक कारभाराबद्दल थोडं शोधलं. १९९७ च्या कायद्याने तिथल्या हजारो लहान ग्रामसमुदायांचं एकत्रीकरण झालं. अपीरान्थोस ड्रिमालिया नावाच्या नगरपालिकेत गेलं, मुख्य ठिकाण हाल्की. २०१० च्या कायद्याने तीही गेली आणि अख्खं बेट, शेजारच्या छोट्या बेटांसह, एका नगरपालिकेखाली आलं. म्हणजे ग्लेझोसने जे पद ग्रामसभेच्या पायाशी ठेवलं, ते पदच आता तसं उरलेलं नाही. आज गावातल्या कुणाला पुन्हा तो प्रयोग करायचा झाला, तर अधिकार कुठून आणणार?

त्या मानाने आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेतच जागा दिली. आपण भाग्यवान आहोत, हे मला या शोधाशोधीत पहिल्यांदा जाणवलं.

गोदाकाठ
कागदावर भाग्यवान. माझ्या गावचं सांगतो, गावाचं नाव लिहीत नाही. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. २६ जानेवारीला झेंडावंदनाला आलेल्या माणसांच्या सह्या घेतल्या जातात आणि तीच ग्रामसभा. कोरम नाही भरला तर सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरमची अटच नाही. मग सात माणसं बसतात आणि साडेतीन हजारांचं गाव ठरवतात. माझ्या आईचं घरकुलाच्या यादीतलं नाव अशाच एका सभेत गळलं. ती सभा झाली हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. आई गेली, घरकुल आलंच नाही. मी त्या सात माणसांवर फार वर्षं चिडून होतो. आता वाटतं, मी तरी कुठे होतो? नाशकात, कामावर.

रानजाई
@गोदाकाठ, वाईट वाटलं वाचून. कामावर असणं हा गुन्हा नाही हो. सभा कामाच्या दिवशी अकरा वाजता ठेवायची आणि लोक येत नाहीत म्हणायचं, ही पद्धत चुकीची. वडिलांच्या काळात आमच्याकडे उन्हाळ्यात सभा रात्री जेवणं झाल्यावर व्हायची, देवळासमोर. बायकाही यायच्या, कारण भांडी घासून झालेली असायची. पुढे महिलांची ग्रामसभा आधी घ्यायचा नियम आला, चांगला नियम आहे, पण ती दुपारी तीनला ठेवली की खुरपणीवरच्या बाया कशा येणार?

झाडीपट्टी
आमच्या गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) कोणी काढलं नाही अजून? 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. तिथं बहुमतानं ठरवत नाहीत, सर्वसहमतीनं ठरवतात. एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय पुढच्या सभेला. वेळ लागते, पण ठरलेलं मोडत नाही. २००९ मध्ये त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, मग बांबू त्यांनी स्वतः विकला.

मी तिथं दोनदा जाऊन बसलो आहे. तिथं कोणी एक मोठा माणूस सभा चालवत नाही. अभ्यासगट बसतात, आधी माहिती गोळा करतात, मग सभेत बोलतात. ऊनसावलीताई, तुम्ही विचारलं चूक कोणाची. मला वाटते, ग्लेझोससारख्या माणसाच्या सावलीत सभा बसली की लोकं त्याच्या तोंडाकडे पाहतात. त्यानं कितीही म्हटलं की तुम्हीच ठरवा, तरी ज्यानं हिटलरचा झेंडा काढला त्याच्या पुढं उठून 'नाही' कोण म्हणणार? आणि 'नाही' म्हणायला भेटलं नाही, की माणूस यायचा थांबते.

टपरीवरचा
@झाडीपट्टी, या धाग्यावरचा हा मला सगळ्यात पटलेला प्रतिसाद. असं असेल तर १९८९ मध्ये त्याने पद सोडलं ते मी समजत होतो तसं पळणं नव्हतं. कदाचित त्यालाही हेच कळलं असेल. मी पहिल्या प्रतिसादातलं 'सोडून गेला' मागे घेतो.

वारणाकाठ
आणि तो थांबला कुठं? मार्च २०१० मध्ये अथेन्सच्या मोर्चात ८७ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर पोलिसांनी अश्रुधूर मारला, उचलून न्यावं लागलं. त्याच वर्षी पारोस बेटावर नगरसेवक म्हणून निवडून आला. २०१४ मध्ये ९१ व्या वर्षी युरोपीय संसदेत गेला, चार लाखांहून जास्त मतं घेऊन. तिथून वर्षभरात राजीनामा. त्याच्या सिरिझा पक्षानं शब्द मोडला असं वाटलं तेव्हा जनतेची जाहीर माफी मागितली, आपणही त्या भ्रमात सामील होतो म्हणून. ३० मार्च २०२० ला गेला. ९७ वर्षांचा.

कुरुंदवाडकर
संसदेतून गावात, गावातून नगरसेवक, तिथून पुन्हा युरोपात. चढती-उतरती असलं काही त्याच्या डोक्यातच नसावं. आपल्याकडे आमदार झालेला माणूस पुन्हा ग्रामपंचायतीला उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. कुणाला माहीत असल्यास सांगा, मला खरंच ऐकायचंय.

म्युनिकची_आजी
ऊनसावली, नाक्सोस शहरातून अपीरान्थोसची बस दिवसातून किती वेळा असते? ऑक्टोबरमध्ये सुनेला घेऊन जाईन म्हणते. गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत तेही सांग.

ऊनसावली
आजी, वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, बंदराजवळच्या थांब्यावर पाटी असते ती बघा. परतीची शेवटची बस आधी विचारून घ्या. पायऱ्या आहेत पण रुंद आहेत. फक्त संगमरवर पावसात फार निसरडा होतो, काठी न्या.

झाडीपट्टी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी 'चूक कोणाची' विचारलं तो प्रश्नच थोडा घाईचा होता.

गोदाकाठ
उशिरा लिहितोय. हा धागा वाचून काल गावी फोन केला. २ ऑक्टोबरच्या सभेची नोटीस अजून लागलेली नाही. ग्रामसेवकांना अर्ज देतोय की सभा रात्री आठला घ्यावी आणि विषयपत्रिकेत दोन विषय घ्यावेत: ओढ्यावरच्या चार नालाबांधांचा गाळ आणि घरकुलाच्या यादीचं जाहीर वाचन. रजा टाकली आहे. भूजलसाहेब, गाळ काढताना बांधाच्या पायाला धक्का लागू नये म्हणून किती अंतर सोडायचं ते सांगाल का? सभेत कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर हवं.

भूजल
ते बांधाच्या उंचीवर आणि खालच्या मुरमावर आहे, इथून अंदाजाने सांगणार नाही. तुमचं गाव निफाडकडे की सिन्नरकडे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सभेच्या आधी एक सकाळ मोकळी ठेवतो, येऊन बघून जातो.